नॉर्वे, नंदुरबार आणि एक कच्चा कैदी

तोरणमाळच्या पठाराखालचा एक पाडा मी एकदा जगातला सगळ्यात गुन्हेगार मुलूख ठरवला होता. कारण काय, तर एक मोबाईल. फिरायला आलेल्या कुणा पाहुण्याचा मोबाईल तिथून नाहीसा झाला, त्याने खाली येऊन फिर्याद दिली आणि ती माझ्या टेबलावरच्या तक्त्यात येऊन बसली. आता गुन्ह्यांची तुलना करायची तर लाख लोकसंख्येमागे किती, अशी करायची, हा जगभरचा रिवाज. पाड्यावर माणसं शे-दीडशे. एका मोबाईलला तेवढ्यांनी भागलं, लाखाने गुणलं, आणि जो आकडा आला त्यापुढे सिनेमातली गोळीबाराची शहरंही देवळासारखी दिसायला लागली. दोन दिवसांनी मोबाईल पाहुण्याच्याच गाडीत सीटखाली सापडला. पाडा पुन्हा सज्जन झाला, आणि आपण एवढे बदनाम होऊन आलो हे तिथल्या कुणाला कधी कळलंही नाही.

मी मूळची धानोऱ्याची. पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरीची बहुतेक वर्षं गुन्ह्यांच्या आकडेवारीच्या टेबलावर काढली. बाई पोलिसात आहे म्हटलं की लोकांना वाटतं, रोज कुणाची तरी मानगूट पकडत असणार. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "ही चोर पकडत नाही, मोजते." मोजणं सोपं असतं तर मीही हसले असते.

नवापूरकडे एक घर होतं. ओटा महाराष्ट्रात, परसू गुजरातेत. बकरी ओट्यावर बांधलेली होती, चोराने ती परसातून नेली. हा गुन्हा कोणाचा? दोन्हीकडचे लोक अतिशय विनयाने म्हणत होते, "तुमचा." शेवटी बकरीच दोरी तोडून घरी आली आणि दोन राज्यांमधला तंटा मिटला. दुसरी गोष्ट अशी, की चोराने कडी तोडली, घरात शिरला, मालकाचं डोकं फोडलं आणि वर घागर नेली, तरी आमच्याकडे फिर्याद एक तर गुन्हा एक, आणि त्यातला सगळ्यात मोठा तेवढा मोजायचा. काही देशांत याचेच तीन-चार वेगवेगळे गुन्हे होतात. म्हणजे चोर तोच, घागर तीच, पण तिकडचा देश आपल्यापेक्षा चौपट वाईट. त्यात मध्यंतरी कायदाच नवा आला, कलमांचे नंबर बदलले. चोरीचं जुनं कलम माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की नवं म्हणताना मला एखाद्या परक्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. चोरांना मात्र काही फरक पडला नाही.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. महिन्याच्या बैठकीआधी एखादे साहेब हळूच म्हणायचे, "मॅडम, आमची घरफोडी जरा जास्त दिसतेय." मी म्हणायचे, "दिसतेय कारण झालीय." एक पुढारी होते. ते विरोधात असताना गुन्हे वाढल्याचा तक्ता मागायचे, आणि सत्तेत आले की कमी झाल्याचा. मी दोन्ही वेळेला एकच तक्ता दिला. दोन्ही वेळेला ते खूश होऊन गेले.

अशा माझ्या टेबलापुढे निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्याअखेर मेधाताई येऊन बसल्या. मूळच्या पुण्याच्या, पण कित्येक वर्षं नॉर्वेत शिकवतात. अभ्यास काय, तर देशोदेशीचे गुन्हे आणि कैदी यांची तुलना. साहेबांनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि मला म्हणाले, "बाई, आपला जिल्हा चांगला दिसला पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, चांगला दिसायला त्यांनी फोटो काढायला हवा, त्या आकडे काढतायत."

मेधाताईंबद्दल माझा पहिला समज वाईटच होता. आमच्याकडे येणारे विद्वान तक्ता घेतात, चहा पितात आणि रात्रीच्या गाडीने जातात. या बाईंनी तक्ता बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आकड्याला आकडा लावून काही कळत नाही हो. मी माणसाला माणूस लावते." त्यांची पद्धत अशी: तिकडचा एक चोर, इकडचा एक चोर. तिकडचा फिर्यादी, इकडचा फिर्यादी. चौघांना भेटायचं आणि मग तुलना करायची. तिकडची बाजू त्या लावूनच आल्या होत्या. एका माणसाने सायकल चोरली होती. सायकलवाल्याला विम्यातून नवी मिळाली. चोराचं रीतसर जे व्हायचं ते झालं, आणि तो आता सुताराचं काम शिकत होता.

"आणि ते दोघं?" मी विचारलं.

"कोण दोघं?"

"चोर आणि सायकलवाला."

"ते कशाला भेटतील?" मेधाताई म्हणाल्या. "एकमेकांचं नावही माहीत नसेल."

तर आता या सायकलीला जोड हवी होती. परवानग्या काढून आम्ही दोघी तुरुंगात गेलो. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या भाषेत कैदी दोन जातींचे, कच्चे आणि पक्के. शिक्षा झाली तो पक्का. खटला चालायचाय, निकाल लागायचाय, तो कच्चा. आपल्याकडच्या तुरुंगांत पक्क्यांपेक्षा कच्चेच जास्त असतात, हे मेधाताईंना कागदावरून ठाऊक होतंच. पण यादी वाचताना त्यांचं बोट एका शेऱ्यावर थांबलं: जामीन मंजूर, जामीनदार नाही.

"म्हणजे कोर्टाने सोडायला सांगितलंय?"

"हो."

"आणि तरी हा आत आहे?"

"जामीनदार नाही ना."

"पण मग याला मी कुठल्या रकान्यात घालू?"

मला राग आला. प्रश्न बरोबर होता म्हणूनच आला असणार. हा शेरा मी नोकरीभर वाचत आले होते. सकाळचा बंब तापतो तसा तो शेरा असतो, त्यात काय विचारायचं? मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "तो समोर बसलाय, त्यालाच विचारा."

गुलाब पावरा. वय पंचविशीच्या आतबाहेर. राहणार तोरणमाळकडचा, कामाला खाली शहादा तालुक्यात कळसाडीला, हिरालालआप्पा पाटलांकडे सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. गुन्हा: आप्पांची मोटारसायकल चोरली. तो बोलला ते अर्धं पावरी आणि अर्धं अहिराणी. मी आपली ते जमेल तसं मराठीत लिहिते.

"चोरली नाही, नेली," गुलाब म्हणाला. "सासऱ्याला दाखवायची होती."

"काय दाखवायचं होतं?"

"की माझी आहे."

सासरे पाहून खूश झाले. बायकोचा मान वाढला. सगळं ठीक झालं असतं, पण तोरणमाळच्या घाटात पेट्रोल संपलं, आणि तिथे वळणं सोडून दुसरं काही मिळत नाही. पेट्रोल कुणी आणून देईपर्यंत चार-सहा दिवस गेले, ते आलं ते बाटलीभर. मग उतार येईल तिथे बंद गाडीवर बसत आणि सपाटी आली की गाडी चालू करत तो कळसाडीला पोचला. आप्पांच्या अंगणात शिरण्याआधी विहिरीवर त्याने गाडी धुतली.

तोवर आप्पांनी विम्याच्या एजंटच्या सांगण्यावरून फिर्याद दिली होती. गुलाबचे काका आणि पाड्याचे पंच बोकड घेऊन खाली उतरले. त्यांच्याकडे भांडण मिटवत नाहीत, तोडतात. चुकलेल्याने दंड म्हणून बोकड द्यायचं, दोन्ही बाजूंनी एका पंगतीत बसून ते खायचं, आणि त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चारसुद्धा करायचा नाही. आप्पांच्या घरी मटण चालत नाही, म्हणून पंगत मळ्यात बसली. आप्पांनी दोनदा वाढून घेतलं. भांडण तुटलं. गुलाब दुसऱ्या दिवशी पुन्हा केळीला पाणी द्यायला लागला.

पण पोलीस ठाण्याला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. तिथे फिर्याद जिवंत होती. यथावकाश जवान आले. त्यांनी फिर्यादीच्याच मळ्यात फिर्यादीच्याच केळीला पाणी देत असलेल्या आरोपीला पकडलं. मी तो कागद पाहिलाय, "शिताफीने ताब्यात घेतले" असं लिहिलंय. आणि चोरीचा माल म्हणून फिर्यादीच्याच अंगणातून गाडीही जप्त केली. आप्पा तेव्हा केळीची गाडी घेऊन बाहेरगावी गेले होते.

"चोरी एक, उघडकीस आली एक, माल मिळाला शंभर टक्के," मी मेधाताईंना म्हटलं. "आमच्या तक्त्यात यापेक्षा सुंदर गुन्हा असू शकत नाही."

मेधाताई हसल्या नाहीत. त्यांनी गुलाबला विचारलं, "जामीनदार का मिळत नाही?"

गुलाबने आमच्याकडे अशी काही नजर टाकली की जणू आम्ही दोघी आताच शाळेत दाखल झालोय. जामीनदार ऐपतीचा लागतो, ऐपत दाखवायची तर सातबारा लागतो. पाड्यावर सगळ्यांची जमीन जंगलातली. बापजाद्यांपासून कसतात, पण सातबाऱ्यावर कुणाचं नाव नाही. अख्खा पाडा त्याच्यासाठी उभा राहायला तयार होता, आणि पाड्यातला एकही माणूस कागदावर उभा राहू शकत नव्हता.

"आणि आप्पांना नाही विचारलं?" मी म्हटलं.

गुलाबने एकदम तोंड फिरवलं. "त्यांनी बोकड खाल्लं," तो म्हणाला. "खाल्लं आणि मग पोलीस पाठवले. आमच्यात असं कोणी करत नाही. काका म्हणतो, त्या दारात पुन्हा जायचं नाही."

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. आईच्या आजारपणात त्याने होळीचा नवस बोलला होता. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून, अंगावर राखेची नक्षी काढून होळीला नाचायचं. सलग पाच वर्षं. यंदाचं पाचवं. त्यांच्या पाड्याचा नियम असा, की एक होळी चुकली की केलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. होळी आठवड्यावर आली होती.

"होळीआधीचा नेम तर इथे चांगला पाळतोय मॅडम," गुलाब म्हणाला. "जमिनीवर झोपतो, दारू नाही, बायकोचं तोंड नाही. घरी असतो तर एवढा कडक पाळला नसता. पण होळी इथे कुठून आणू?"

मला हसू आलं, ते मी आवरलं. आई बरी झालीय, असं त्याने वर सांगितलं, म्हणजे देवाने आपली बाजू पुरी केली होती. बाकी राहिला होता तो एकटा गुलाब.

दुसऱ्या दिवशी कळसाडी. मेधाताईंना फिर्यादीला भेटायचंच होतं. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. साठीचे, पांढरं धोतर, आवाज चढा, बोली अहिराणी. गाडी कोर्टातून हमीवर सोडवून आणलेली, निंबाखाली उभी. आम्हाला पाहून त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, आणि गुलाबचं नाव निघताच त्यांचं तोंड कडू झालं.

"त्यानं नाव नका काढू बाई. जामीन व्हई गया म्हने वकील. सुटना नि सरळ डोंगरमा निंघी गया. माले सांगाले बी उना नही. केळी वाळी ऱ्हायनी मन्ही."

"आप्पा, तो सुटलेला नाही," मी म्हटलं. "आतच आहे."

"आत? कसाले?"

"जामीनदार नाही मिळाला."

"मंग मन्हाकडे कसाले नही उनात पाडाना लोके?"

आता हे सांगायचं कसं? मेधाताई जमिनीकडे पाहायला लागल्या. पोलिसात राहून मला वाईट बातमी सांगायची सवय आहे, म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, "आप्पा, पाड्यावर सगळ्यांना वाटतंय, तुम्ही बोकड खाल्लं आणि मग पोलीस पाठवले."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला, तो कलंडला. या माणसाची गाडी गेली तेव्हा तो एवढा हादरला नसेल.

"मी?" ते म्हणाले. "मी त्या पंगतमा बसनू, दोन डाव वाढी लिधं. नि मी पोलीस धाडसू? मन्हा बाप बी डोंगरना लोकेसना पंगतमा बसे. त्या काय म्हनत व्हतीन आते?" त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग ते उठून आत ओरडले, "अय, मन्हा सातबारा काढ व."

मेधाताईंनी मला हळूच विचारलं, "फिर्यादीला आरोपीचा जामीन राहता येतं?"

"येत नाही असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "कारण असं कुणाच्या डोक्यात कधी आलंच नसेल."

तलाठ्याकडून ताजा उतारा, वकील, अर्ज, यात दोन दिवस गेले. सुनावणीला आप्पा इस्त्रीचं धोतर नेसून उभे राहिले. न्यायाधीशांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"तुम्ही या प्रकरणात फिर्यादी आहात ना?"

"हा साहेब."

"मग जामीनदार कसे?"

"साहेब, मन्ही गाडी गयी तव्हय मी फिर्यादी व्हतू. आते गाडी घर शे, नि मानूस आत शे."

सरकारी वकील उभे राहिले. त्यांचं कामच ते. "आरोपी पळून गेला तर?"

"पळी जाई तं कथा जाई?" आप्पा म्हणाले. "मन्हीच केळीमा."

"त्याच्यावर तुमचा विश्वास आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, गाडी धुईसन आनी त्यानी. मन्हा सख्खा पोऱ्यानी आजपावत ती गाडी धुयी नही."

कोर्टात हसायचं नसतं. त्या दिवशी सगळ्यांनी कागदांत डोकी घातली होती. जामीनपत्र मान्य झालं. खटला पुढे लोकअदालतीत तडजोडीने संपला, तिथे पुन्हा बोकडाचा विषय निघाला, पण ते असो.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी गुलाब बाहेर आला. तुरुंगासमोरच्या टपरीवर आप्पा तीच मोटारसायकल घेऊन उभे होते. मी आणि मेधाताई बाकावर चहा घेत होतो. गुलाब दोन हात अंतरावर येऊन थांबला. आप्पाही थांबले. पंगत एकदा झाली की उच्चार करायचा नाही, हा नियम दोघांनाही माहीत होता, त्यामुळे बोलायला काही उरलंच नव्हतं. शेवटी आप्पा म्हणाले, "बस मांगे. पाड्यावर सोडस तुले. तुन्हा काकाले माले तोंड दाखाडनं शे." गुलाब मागे बसला.

गाडीला किक मारायच्या आधी आप्पांना काहीतरी आठवलं. ते मेधाताईंकडे वळले. "ताई, तुम्हना देशमा कैदी कमी शेतस म्हने."

"हो, बरेच कमी आहेत."

"मंग तठे जामीनदार कोन ऱ्हास?"

"तिकडे जामीनदार मागतच नाहीत, आप्पा," मेधाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्तच होता. एका सातबाऱ्यापायी तिकडे कुणी आत पडून राहत नाही. आपल्याकडे पडतं, आणि मला याची लाज वाटते, हे इथे लिहूनच ठेवते.

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. पण मग त्यांनी विचारलं, "मंग मानसे एकमेकना कामे कव्हय पडतस?"

मेधाताईंनी वही उघडली आणि मागची पानं चाळली. त्यांना सायकलवाला आणि सायकलचोर आठवले असतील, एकमेकांचं नावही माहीत नसलेले. त्या जोडीसमोर लावायला आणलेली ही जोडी पुढ्यात एका सीटवर बसली होती, एकाचा सातबारा कोर्टात अडकलेला आणि दुसऱ्याचा नवस घाटावर.

आप्पांनी किक मारली. गाडी चालू झाली नाही. पुन्हा मारली. मग टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि कोर्टापुढेही न डगमगलेला तो माणूस पहिल्यांदाच ओशाळला. पेट्रोल नव्हतं.

गुलाब खाली उतरला आणि मागून ढकलायला लागला. त्या गाडीची त्याला सवय होती. पंप चढावर होता. मेधाताईंनी वही बाकावर ठेवली, मी चहाचा ग्लास ठेवला, आणि आम्ही दोघींनीही मागून हात लावला.